परसदारी आलेली हरिणी

लेकीच्या घरी न्यू जर्सीला पोहोचले तेव्हा ऑक्टोबर लागून आठवडा झाला होता. आपल्या कोकणात त्या दिवसांत भातकापणीची घाई असते आणि अंगाची लाही करणारे ऊन. तिथे मात्र हवेत गारवा आला होता आणि घरामागच्या मेपलची पाने लाल होऊ लागली होती. वेळेच्या फरकामुळे झोप लागेना. दुसऱ्या दिवशी फजरची नमाज मागच्या खोलीत अदा केली आणि तसबीह घेऊन तिथेच बसून राहिले. त्या खोलीला जमिनीपर्यंत काचेचे दार आहे. बाहेर हळूहळू फटफटले आणि मला गवतावर चार काळ्या आकृत्या दिसल्या. आधी वाटले, कुणाची तरी गुरे सुटली असावीत. मग त्यातल्या एकीने मान वर केली. लांब कान, ओले काळे नाक, माझ्याकडे रोखलेले डोळे. हरणे होती ती! माझ्यापासून जेमतेम वीस पावलांवर.

मी लेकीला हाक मारणार इतक्यात तीच मागे येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "अम्मी, हलू नकोस. रोज येतात ही. माझी गुलाबं यांनीच खाल्लीत."

पुढचे दोन महिने माझी सकाळ आणि संध्याकाळ या पाहुण्यांबरोबर गेली. सुरुवातीला ती नुसती मौज होती. नंतर एक असा प्रसंग घडला, की "प्राण्यांवर दया करा" हे आयुष्यभर मुलांना सांगत आलेल्या मला त्या वाक्याचा अर्थ पुन्हा शिकावा लागला. तोच वाचकांना सांगायचा आहे.

पांढऱ्या शेपटीचे पाहुणे

या हरणाची शेपटी खालच्या बाजूने पांढरीशुभ्र असते. धोका जाणवला की ते शेपटी ताठ उभारून पळते आणि मागून पाहणाऱ्याला पांढरे निशाण हलल्यासारखे दिसते. त्यावरूनच त्याला 'व्हाइट-टेल्ड डिअर', म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण म्हणतात. आपल्या चितळासारखे याच्या अंगावर जन्मभर ठिपके नसतात. ठिपके फक्त पाडसांच्या अंगावर. पाडसे मे-जूनमध्ये जन्मतात आणि शरद ऋतू येईपर्यंत त्यांचे ठिपके पुसले जातात. मोठ्या हरणांचीही उन्हाळ्यातली तांबूस कातडी याच दिवसांत बदलते आणि करड्या रंगाचे दाट केस येतात. कपाटातून लोकरीचे कपडे बाहेर काढायची आमची आणि त्यांची वेळ एकच होती!

शिंगे फक्त नरांना. तीही कायमची नसतात. दरवर्षी हिवाळ्यात गळून पडतात आणि वसंतात नवी फुटतात. उन्हाळाभर त्यांवर मखमलीसारखी मऊ कातडी असते. सप्टेंबरच्या सुमारास ती सुकते आणि नर झाडांच्या खोडांवर शिंगे घासून ती काढून टाकतो. जावयाने हौसेने लावलेल्या सफरचंदाच्या रोपाची साल अशीच सोलून निघाली होती.

ती येत होती मुख्यतः ओकच्या झाडाखाली. शरदात ओकची कठीण, टोपीवाली फळे टपाटप गळतात. हिवाळ्याआधी अंगावर चरबी साठवायला हरणांना हा खुराक फार मोलाचा. ओकच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी पांढऱ्या ओकची फळे कमी तुरट, म्हणून ती आधी संपतात. माझी सात वर्षांची नात तीच फळे वेचून खिशात भरायची आणि मग "त्यांचा खाऊ कमी पडेल" म्हणून संध्याकाळी परत टाकून यायची.

लेकीच्या बागेत मात्र त्यांनी धुमाकूळ घातला होता. घेवड्याचा वेल बुडख्यापर्यंत खाल्लेला, गुलाबाच्या कळ्या गायब. पुदिना तेवढा शिल्लक होता, कारण उग्र वासाची झाडे त्यांना आवडत नाहीत. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ते पाने कापत नाही, ओढून तोडते. देठाचे टोक फाटलेले दिसले की चोर कोण ते कळते. जावई वैतागले होते. सडक्या अंड्याच्या वासाचे औषध फवारून झाले होते. आता आठ फुटी कुंपण घालायचे चालले होते, कारण त्याहून कमी उंचीचे कुंपण ती सहज ओलांडतात.

मी लेकीला म्हटले, "मुसलमानाने लावलेल्या रोपातून माणसानं, पाखरानं किंवा जनावरानं खाल्लं, तर ते त्याच्या नावे सदका लिहिलं जातं, ही बुखारी शरीफमधली हदीस विसरलीस का?"

ती हसून म्हणाली, "अम्मी, मग या वर्षी माझा सदका भरपूर झाला!"

इतकी हरणे आली कुठून?

वस्तीत, रस्त्याकडेला, दवाखान्याच्या आवारात, जिथे तिथे हरणे पाहून मला वाटले, इथे ती पूर्वीपासून अशीच असतील. तसे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ही हरणे जवळजवळ संपत आली होती. मांस आणि कातडीच्या व्यापारासाठी त्यांची बेसुमार कत्तल झाली होती. त्या वेळी देशभरात ती पाच लाखांच्या आसपास उरली असावीत, असा अंदाज सांगतात. 1900 साली बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या राज्याराज्यांमधील व्यापारावर बंदी आणणारा कायदा झाला. पुढे 1937 मध्ये बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवणारा कायदा आला. शिकारीला मोसम आणि परवाने ठरले. हरणे पुन्हा वाढली. आज त्यांची संख्या सुमारे तीन कोटी असल्याचे मानले जाते.

पण मधल्या काळात दुसरेही काही घडले होते. त्यांना खाणारे लांडगे आणि पुमा पूर्वेकडच्या राज्यांतून माणसाने नाहीसे केले होते. शिवाय जंगल तोडून घरे बांधली, घरांभोवती हिरवळ आणि फुलझाडे लावली. रानाची कड हीच हरणाची आवडती जागा, आणि माणसाने मैलोन्‌मैल कडाच तयार करून दिल्या. आता रानातली कोवळी रोपे ती वाढूच देत नाहीत, त्यामुळे नवे जंगल उगवणे अवघड झाले आहे. हरणे आपल्या परसात आली असे आपण म्हणतो. खरे पाहता परसच त्यांच्या रानात गेले आहे.

म्हणूनच तिथे शरदात शिकारीचा मोसम असतो. जावयांच्या मशिदीतील एक गृहस्थ परवाना काढून शिकार करतात. हरणाचे मांस हलाल आहे. बाण किंवा गोळी सोडताना अल्लाहचे नाव घ्यावे, आणि जनावर जिवंत हाती लागले तर रीतसर जबह करावे, हे नियम ते पाळतात. त्यांनी दिलेले मांस लेकीने शिजवले. नातीने मात्र ताट बाजूला सारले. मी तिला रागावले नाही आणि शिकाऱ्यालाही दोष दिला नाही. अन्नासाठी शिकार करण्याची मुभा आहे. ज्याला धर्माने मनाई केली आहे तो गंमत म्हणून जीव घेणे, जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य बनवणे.

घड्याळ बदलले

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे सगळी घड्याळे एक तास मागे करतात. आदल्या दिवशी सहाच्या जवळपास असलेली मगरिब एकदम पाच वाजायच्या आत आली. मला गंमत वाटली. नमाज आणि हरणे, दोघांनी घड्याळाकडे लक्षच दिले नाही. ती सूर्याच्याच हिशेबाने चालली. हरणे पहाटेच्या आणि दिवेलागणीच्या संधिप्रकाशात फिरतात. फजरनंतर आणि मगरिबच्या आगेमागे ती ओकखाली हजर असत.

पण माणसे घड्याळाने चालतात. घड्याळ बदलल्यावर कामावरून परतायची वेळ नेमकी संधिप्रकाशात येते. नोव्हेंबर हाच त्यांच्या मीलनाचा ऐन काळ. नर माद्यांच्या मागे बेभान धावतात, एरवी सावध असलेली हरणे रस्त्याचे भान विसरतात. गाड्यांना हरणे धडकण्याचे सर्वांत जास्त अपघात याच दिवसांत होतात.

घड्याळ बदलल्यानंतरच्या आठवड्यात एके संध्याकाळी जावई उशिरा घरी आले. चेहरा पांढराफटक. गाडीचा एक दिवा फुटला होता. वेग जास्त नव्हता. समोरून एक हरीण रस्ता ओलांडून गेले, म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. ते गेल्यावर गाडी पुढे घेतली आणि त्याच्या मागून येणारे दुसरे हरीण गाडीवर आदळले. हरणे एकामागून एक ओळीने जातात. एक दिसले की मागे आणखी आहेत असे समजून थांबायचे असते. ते त्यांना ठाऊक होते, पण त्या क्षणी सुचले नाही. हरीण पडले, उठले आणि लंगडत झाडीत शिरले. पोलिसांना कळवले. त्यांनी येऊन शोधले, सापडले नाही.

नातीने जिन्यावरून सगळे ऐकले होते. खाली येऊन तिने विचारले, "अब्बू, ती मेली का?"

जावई काही बोलले नाहीत. इशाची नमाज त्या रात्री त्यांनी फार लांबवली.

तीन पायांवर

आठ-दहा दिवस गेले. एका सकाळी हरणे आली, तेव्हा त्यांच्यात एक हरिणी मागे राहिली होती. पुढचा उजवा पाय तिने पोटाशी दुमडून धरला होता आणि तीन पायांवर उड्या मारत ती ओकखाली आली. सोबत त्या वर्षीचे पाडस. ती खायला लागली तरी दर दोन घासांनंतर मान वर करून पाहत होती.

ही तीच का? कुणालाच सांगता येणार नव्हते. पण जावई काचेपाशी उभे राहिले ते कामावर जायची वेळ टळून गेली तरी हलेनात.

नात लगेच स्वयंपाकघरात धावली. मक्याचे दाणे, पाव, गाजरे, सगळे एका परातीत घेऊन आली. "नानी, दार उघड. तिला खायला देऊया. आपण तिला गॅरेजमध्ये ठेवू."

लेकीने राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन लावला होता. तिकडून सांगितले ते असे : हरीण तीन पायांवरही बरेचदा चांगले जगते. ते खात असेल, चालत असेल तर त्याला त्याच्या जागी राहू द्या. रानातले मोठे हरीण पकडायला गेलात तर भीतीने आणि धडपडीने त्याचे स्नायूच निकामी होतात, त्यात ते मरते. आणि खायला मुळीच घालू नका.

खायला का नको? त्याचेही कारण मला नंतर समजले. गाईप्रमाणे हरणाच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि त्यात अन्न कुजवणारे सूक्ष्मजीव असतात. ऋतूप्रमाणे ते हळूहळू बदलतात. काटक्या-कळ्यांवर आलेल्या हरणाला थंडीत एकदम पोटभर मका घातला, तर पोटात आम्ल वाढून ते भरल्या पोटी मरू शकते. शिवाय एका जागी दाणे टाकले की हरणे तोंडाला तोंड लावून खातात आणि रोग पसरतात. वस्तीची सवय झाली की ती रस्ते जास्त ओलांडतात ते वेगळेच.

पण हे सात वर्षांच्या मुलीला कसे समजवावे? ती परात हातात घेऊन रडत होती. मग तिने मला माझ्याच शब्दांत पकडले. "नानी, तूच सांगितलंस ना, तहानलेल्या कुत्र्याला एका माणसानं मोज्यातून पाणी पाजलं, तर अल्लाहने त्याला माफ केलं? मग आपण का नाही द्यायचं? अब्बूला माफ व्हायला नको का?"

घरात शांतता पसरली. जावयांनी तोंड फिरवले.

सावलीतले हरीण

मी तिला मांडीवर घेतले आणि एक दुसरी गोष्ट सांगितली. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता' या हदीससंग्रहात हजच्या प्रकरणात ती आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) एहरामच्या अवस्थेत मक्केकडे निघाले होते. सोबत सहाबांचा काफिला होता. वाटेत एका सावलीत हरीण पडलेले दिसले. त्याच्या अंगात बाण रुतलेला होता. एहराममध्ये शिकार करायची नसते. पण तेवढ्यावर भागले असते तर काफिला बाजूने निघून गेला असता. प्रेषितांनी एका माणसाला त्या हरणाजवळ उभे राहायला सांगितले. कशासाठी? सगळे लोक पुढे निघून जाईपर्यंत कुणीही त्याला त्रास देऊ नये म्हणून.

"मग त्याने हरणाला काय दिलं?" नातीने विचारले.

"तिथं उभं राहायला सांगितलं होतं, बाळ. तो उभा राहिला."

ती बराच वेळ विचार करत होती. मी तिला समजावले : कुत्रा तहानेने चिखल चाटत होता, त्याला पाणी हवे होते, आणि त्या माणसाने ते दिले. या हरिणीला आपला मका नको आहे. तिच्यासाठी अल्लाहने ओकची फळे पाडून ठेवली आहेत. तिला फक्त न घाबरता ती खायला मिळायला हवीत.

हे तिला सांगताना मला सूरह माइदा आठवत होती. एहरामच्या आयतींत अल्लाह सांगतो, की तुमच्या हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीने तो तुमची परीक्षा घेईल. आजवर मी ती परीक्षा फक्त शिकाऱ्याची समजत होते. पण हात प्रेमानेही पुढे होतो. जवळ आलेल्या रानच्या जिवाला कुरवाळावे, बांधावे, आपल्या हातचे खाऊ घालून आपलेसे करावे, हा मोह काही कमी नसतो. सूरह अनआममध्ये जमिनीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारी पाखरे यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. शेजारचा समुदाय अडचणीत असेल तर त्याच्या घरात शिरण्याआधी त्याला काय हवे ते पाहावे लागते.

नातीने परात खाली ठेवली. म्हणाली, "मग मी उभी राहते."

पहारा

पुढचे महिनाभर आमच्या घरात पहारा होता. फजरनंतर माझा, शाळेतून आल्यावर नातीचा, मगरिबला जावयांचा. ते आता संध्याकाळी लवकर घरी येऊ लागले, आणि झाडीजवळच्या रस्त्याने गाडी अगदी हळू आणू लागले. शरदात तिथे पाने उडवणारी यंत्रे घेऊन माणसे येतात, कानठळ्या बसवतात. जावयांनी त्यांना सांगितले, ओकखालचा कोपरा या वर्षी तसाच राहू द्या. शेजाऱ्यांना त्यांच्या कुत्र्याला त्या वेळी मोकळे सोडू नका म्हणून विनंती केली. शेजाऱ्यांनी ती लगेच मानली. कुंपणाचा विचार बदलला. भाजीच्या वाफ्यांपुरतीच उंच जाळी घालायचे ठरले, बाकीचे परस मोकळे.

एक काळजी मात्र घेतली. न झाडलेल्या पानांत गोचिड्या असतात. त्यांपैकी काळ्या पायांची गोचीड चावली तर लाइम नावाचा आजार होऊ शकतो. कनेक्टिकट राज्यातल्या ज्या गावात तो 1970 च्या दशकात ध्यानात आला त्या गावावरून हे नाव पडले. हरणांच्या अंगावर या गोचिड्या पोसल्या जातात, पण त्यांना आजाराचे जंतू मिळतात ते बहुतेक उंदरांपासून. म्हणून नात बाहेरून आली की लेक तिचे कान, मान, काखा, गुडघ्यामागची जागा रोज तपासायची. गोचीड सापडलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. ती चिकटून बराच काळ, बहुधा दिवसभराहून अधिक, राहिली तरच हा आजार होतो, त्यामुळे रोजची तपासणी फार उपयोगी पडते. हरणांवर दया करताना घरच्या लेकरांची हिफाजत विसरून चालत नाही.

हरिणी कधी रोज यायची, कधी तीन-तीन दिवस दिसायची नाही. न दिसली की जावई जेवताना गप्प असत. एकदा मला म्हणाले, "अम्मी, ती मीच धडकवलेली आहे की नाही, हे मला कधीच कळणार नाही."

मी म्हटले, "नाही कळणार, बेटा. पण उभे तर तुम्ही तिच्यासाठीच राहताय ना?"

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझे परतीचे विमान होते. निघायच्या दिवशी फजरनंतर बारीक बर्फ पडत होता. हरणे आली. ती सर्वांत शेवटी. पाडस आता तिच्या पुढे चालत होते. तिने तो पाय बर्फावर टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. त्यावर भार देत नव्हती, पण टेकवत होती. मी कुणालाच उठवले नाही. जानमाजवर बसून पाहत राहिले आणि मनात अल्हम्दुलिल्लाह म्हटले.

आता मी गावी आहे. आमच्या परसाच्या मागे काजूचे रान आहे. रात्री तिथून कधीकधी कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो. ते भेकर, आपल्या कोकणातले लहानसे हरीण. लहानपणापासून तो आवाज ऐकला, पण उठून कधी खिडकीशी गेले नव्हते. पूर्वी गावात भेकर दिसले की लोक दगड-काठ्या घेऊन धावत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली तरी कुत्री मागे सोडणारी पोरे आजही आहेत. परवा तसा गलका ऐकला तेव्हा मी कंदील घेऊन बांधावर जाऊन उभी राहिले. पोरे म्हणाली, "चाची, तुम्ही इथं काय करताय?"

"काही नाही," मी म्हटले. "ते जाईपर्यंत उभी आहे."